मास्तरांचा रविवार

याकोब मास्तर कधी कुणावर ओरडले नाहीत. ते प्रार्थना करत.

आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. संध्याकाळी साडेसातला त्यांच्याकडे घरची उपासना सुरू झाली की इकडे भाकरी थापता थापता मला शब्दन्‌शब्द ऐकू यायचा. आधी एक गीत, मग शास्त्रपाठ, मग मास्तरांची प्रार्थना. ती जगभरच्या राज्यकर्त्यांपासून सुरू व्हायची आणि हळूहळू घरातल्या माणसांवर यायची. "हे दयाळू पित्या, आमच्या सुनेला मीठ जपून घालण्याची बुद्धी दे. शांतेला वस्तू जागच्या जागी ठेवण्याची सवय लाव. आमच्या धाकट्या आनंदला पहाटे उठण्याचं सामर्थ्य दे." मग सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. ज्याची तक्रार झाली त्यानं जरा मोठ्यानंच म्हणायचं. देवाला त्यांनी शाळेतला शिपाई करून ठेवला होता, नोटिसा फिरवायला.

एकदा त्यात माझाही नंबर लागला. "आणि शेजारच्या कांबळेबाईंना, परमेश्वरा, टीव्हीचा आवाज बेताचा ठेवण्याची सुबुद्धी दे." मी भिंतीच्या अलीकडून खणखणीत आवाजात "आमेन" म्हटलं. पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी मला जिन्यात गाठलं.

"बाई, प्रार्थनेची टिंगल करू नये."

"टिंगल कसली मास्तर, मी संमती दिली."

ते हसले नाहीत. हसण्याचा तास त्यांच्या वेळापत्रकात नव्हता.

मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायची, ते इंग्रजी आणि भूगोल. मी वडगावची, घर बौद्धांचं. चर्चबद्दल मला जे काही कळलं ते या भिंतीतून, नाहीतर मास्तरांच्या बायकोकडून, शांतामावशींकडून, मागच्या दारी कपडे वाळत घालताना. लोणावळ्यात मास्तरांना सगळे देवमाणूस म्हणत. मला हा शब्द पहिल्यापासून खटकतो. ज्याच्याबरोबर राहणं कठीण, त्याला लोक देवमाणूस म्हणून मोकळे होतात. राहायचं असतं ते त्याच्या बायकोला.

शिकवण्यात मात्र तोड नव्हती, हे कबूल करते. खडूनं फळ्यावर सह्याद्री काढायचे तो घाटवाटांसकट. नापास होणाऱ्या मुलांना शाळा सुटल्यावर बसवून घ्यायचे आणि त्याबद्दल कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. राजमाचीच्या वाटेवरच्या एका वाडीतली हिरा नावाची मुलगी आठवीत होती. ती नऊ दिवस आली नाही. दहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर छत्री घेऊन चिखलातून तिच्या वाडीवर गेले. तिचा बाप गोठ्यात होता. मास्तर मला तो प्रसंग फार अभिमानानं सांगत, बापाच्या आवाजासकट.

"पोरगी न्हाई यायची आता. गुरं कोन बघंल?"

"मी इथे बसतो," मास्तर म्हणाले.

"बसा की. पर ती न्हाई यायची."

मास्तर ओट्यावर बसले. पाऊस आडवा येत होता. बापानं दोनदा सांगितलं, "आवो लय पानी हाय, आत तरी या." मास्तर हलले नाहीत. शेवटी अंधार पडायला लागल्यावर तो बिचारा हात जोडून म्हणाला, "उद्या धाडतो, पर तुमी जावा आता. तुमास्नी काय झालं तर माज्यावर येईल." दुसऱ्या दिवशी सकाळी हिरा दप्तर घेऊन शाळेत हजर झाली.

मास्तरांची गोष्ट इथे संपायची. पुढचं मी सांगते, कारण शेजारच्या वर्गात मी तास घेत होते. हिरा वर्गाच्या दारात आली, तेव्हा मास्तरांनी तिला विचारलं, "रजेचा अर्ज कुठे आहे?" अर्ज कसला, बापाला सही येत नव्हती आणि हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. तरी त्यांनी तिला पहिला अख्खा तास व्हरांड्यात उभं केलं. ओल्या परकराच्या कडा पिळत ती पोर उभी होती. मधल्या सुट्टीत मी विचारलं, "मास्तर, आणायला तुम्हीच गेला होतात ना?" ते म्हणाले, "आणणं माझं काम. नियम शाळेचा." म्हणजे बुडणाऱ्याला ओढून काढायचं आणि काठावर आल्यावर पोहण्याचा परवाना मागायचा! हिरा पुढे नर्स झाली आणि आजही मास्तरांचं नाव काढलं की तिचे डोळे भरून येतात. व्हरांडा ती विसरली असेल. मी विसरले नाही.

या माणसाचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे रविवार. रविवार हा प्रभूचा दिवस. त्या दिवशी मास्तर वाहनात बसत नसत, दुकानातून काडेपेटीसुद्धा विकत घेत नसत आणि वर्तमानपत्र सोमवारी वाचत. आता हा नियम पाळायला माणसानं गाव तरी कोणतं निवडावं? लोणावळा! इथे सोमवार ते शुक्रवार लोक रविवारची वाट बघतात. चिक्कीवाल्यापासून मक्याचं कणीस भाजणाऱ्या बाईपर्यंत अख्खं गाव रविवारावर जेवतं. पावसाळ्यात तर मुंबई-पुण्याच्या गाड्या भुशी धरणाकडे अशा लागतात की मुंगीनंही वळसा घालावा. त्या गाड्यांच्या कडेनं मास्तर ताठ मानेनं चर्चला चालत जायचे, आणि गाड्यांच्या आधी पोचायचे. त्याचा त्यांना केवढा आनंद!

एकदा मी त्यांच्या मागून भाजी घेऊन येत होते. एका गाडीची काच खाली झाली. आत चार-पाच गॉगल.

"अंकल, टायगर पॉइंट किधर है?"

मास्तर थांबले, छत्री काखेत मारली आणि शुद्ध हिंदीत त्यांना सविस्तर रस्ता सांगितला. दुसरं वळण, मग डावीकडे, मग एक मोठं झाड, मग सरळ. मंडळी आभार मानून गेली. मी म्हटलं, "मास्तर, हा रस्ता तर तुमच्या चर्चला जातो." ते म्हणाले, "त्यांनी विचारलं कुठे जावं. मी सांगितलं." मुळात त्यांनी तसं विचारलंच नव्हतं. ते पोरांचं टोळकं दहा मिनिटांनी चर्चच्या फाटकाशी गाडी मागे घेताना दिसलं, एक जण मास्तरांच्या नावानं शंख करत होता.

आणि मास्तर ज्या दिवशी काडीला हात लावत नसत, त्या दिवशी शांतामावशी काय करत होत्या? पहाटेपासून चूल. उपासनेनंतर तीन मुलं, सुना, जावई, नातवंडं, सगळं गोत जेवायला. कोंबडी, वडे, भात, वर मास्तरांना आवडते म्हणून खीर. पंगत उठली की डोंगराएवढी भांडी. मी एकदा त्यांच्यादेखतच मास्तरांना विचारलं, "शांतामावशींचा रविवार कोणत्या वारी येतो?" मास्तर म्हणाले, "ते काम नव्हे बाई, ती सेवा आहे." मावशी पातेल्याच्या बुडाशी लागलेला भात खरवडत राहिल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं, आणि वर कोरडे पाषाण शोधायला लांब जायला नको.

आता आनंदकडे येते. आनंद हा मास्तरांचा धाकटा. थोरला मुलगा पुण्याला बँकेत, मुलगी शिक्षिका. आनंद उर्श्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपलं. दोन वर्षं इकडेतिकडे काढल्यावर त्यानं एक जुनी जीप घेतली आणि स्टेशनवरून पर्यटकांना भुशी, कार्ला, लोहगड असं फिरवायला लागला. माणूस गोड, रस्ते तोंडपाठ, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना हात धरून उतरवायचा. पण लोणावळ्यात गिऱ्हाईक शनिवार-रविवारीच येतं, त्याला आनंद काय करणार? रविवारी सकाळी तो आठच्या उपासनेला बायको-मुलांसह यायचा आणि उपासना संपली की जीप काढायचा.

मास्तर चर्चचे पंच होते. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे पाच-सहा वडीलधारे. पंचांच्या बैठकीत मास्तरांनी स्वतः ठराव मांडला की जो प्रभूच्या दिवशी पोटासाठी धंदा करतो, त्याला तो धंदा सोडेपर्यंत प्रभुभोजन मिळू नये. प्रभुभोजन म्हणजे त्यांच्यात सगळ्यात पवित्र गोष्ट. महिन्यातून एकदा भाकरीचे तुकडे ठेवलेलं ताट आणि द्राक्षरस बाकावरून हातोहात फिरतो, एकानं घेऊन शेजाऱ्याकडे द्यायचा. ज्याला ते मिळत नाही तो मंडळीत असून नसल्यासारखा. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण होते. त्यांनी भीत भीत विचारलं की मग दवाखान्यातल्या नर्सांचं काय? मास्तर म्हणाले, ती दया. रेल्वेवाल्यांचं काय? ती सरकारची चाकरी. हे शेवटचं उत्तर ऐकून पंचांचे चिटणीस सुखावले, कारण ते स्वतः रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि हयातभर रविवारी हिरवा झेंडा दाखवत आले होते. अशी एकेकाला सूट देत देत गेल्यावर अख्ख्या मंडळीत ठराव लागू पडणारा एकच माणूस उरला. आपला तो बाब्या ही जगाची रीत. मास्तरांची नि:पक्षपाताची हौस अशी की त्यांनी आपल्याच बाब्याला कार्टं ठरवलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा बाई," चिटणीस मला भाजीबाजारात म्हणाले, "पोटच्या पोरालासुद्धा सोडलं नाही!"

"सोडलंच की," मी म्हटलं.

आनंद भांडला नाही. दर महिन्याला त्या रविवारी तो शेवटच्या बाकावर एकटा बसायचा. ताट घेऊन फिरणारे पंच त्याच्या आधीच्या बाकापाशी थांबून मागे वळायचे. मास्तर स्वतः ताट घेऊन असले तर तेही तसंच करायचे. मावशी मला सांगायच्या, "पाठमोरं बसलेलं असलं तरी मला कळतं बाई, ताट कुठे थांबलं ते." जीप विकून टाक असं मास्तर त्याला कधी तोंडानं म्हणाले नाहीत. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी मला ऐकू यायचं, "प्रभू, भटकलेल्या मेंढराला मार्ग दाखव." आणि त्या मेंढराला दोन पोरांच्या फिया भरायच्या असल्यामुळे ते रोज आमेन म्हणून सकाळी जीप पुसायला लागायचं.

आनंदची मुलगी रूथ सतरा वर्षांची झाली आणि तिचं दृढीकरण ठरलं. म्हणजे आता ती मोठी, आता तिला पहिल्यांदा प्रभुभोजन मिळणार. आदल्या आठवड्यात ती आजोबांपुढे उभी राहिली. दार उघडं होतं, मी अंगणात होते.

"आजोबा, त्या दिवशी पप्पांना माझ्याशेजारी बसू द्या. एकच दिवस."

"बसू दे की. बसायला कोण नाही म्हणतं?"

"बसायला नाही आजोबा. घ्यायला."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "रूथ, नियम नातवंडासाठी वाकत नसतो."

"मग कोणासाठी वाकतो?"

संध्याकाळच्या प्रार्थनेत उद्धट तरुण पिढीचा उल्लेख झाला.

दृढीकरणाला मावशींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. रूथ पांढऱ्या साडीत पहिल्या बाकावर. ताट मास्तरांच्याच हातात होतं. पहिला तुकडा नातीनं घ्यावा म्हणून ते वाकले. रूथनं ताट हातात घेतलं, तुकडा न उचलता शेजारच्या मुलीकडे दिलं, उठली आणि सगळ्या मंडळीमधून चालत शेवटच्या बाकावर जाऊन बापाच्या शेजारी बसली. आनंदनं तिला परत जायला खुणावलं. ती गेली नाही. मास्तर क्षणभर थांबले. मला वाटलं, आता तरी हा माणूस ताट घेऊन मागे जाईल. ते दुसऱ्या बाकाकडे वळले. मला त्या दिवशी त्यांची जी चीड आली ती अजून पुरती गेलेली नाही.

त्यानंतर वर्षभरानं, ऐन पावसाळ्यातल्या एका रविवारी सकाळी शांतामावशींनी भिंतीवर जोरजोरात थापा मारल्या. मी गेले. मास्तर पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. उपासनेसाठी तयार झालेले, काळा कोट, टाय, मांडीवर बायबल. चेहरा राखेसारखा आणि श्वास मोजून घेतल्यासारखा. रुग्णवाहिका बोलावली होती, पण ती वळवणपाशी पर्यटकांच्या गाड्यांत अडकली होती. आनंद जीप दाराशी लावून आत आला.

"बाबा, चला. मला मधले रस्ते माहीत आहेत. तळेगावच्या हॉस्पिटलमध्ये अर्ध्या तासात पोचवतो."

मास्तरांनी मान हलवली. "आज मी वाहनात बसत नाही."

"बाबा, तुम्हाला श्वास घेता येत नाहीये."

"चालत जाईन."

तळेगावला चालत! मावशी रडायला लागल्या. आनंद मास्तरांपुढे गुडघ्यावर बसला.  तो म्हणाला, "बाबा, आज शनिवार आहे."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, तुम्ही सांगा. आज वार कोणता?"

शाळेत मास्तर सगळ्यांना सांगत, कांबळेबाई फटकळ आहेत पण खोटं बोलत नाहीत. मी म्हटलं, "शनिवार, मास्तर." आणि नेमकी त्याच वेळी चर्चची पहिली घंटा झाली. चांगले बारा-पंधरा ठोके वाजले.  अंगात उपासनेचा कोट घातलेला तो माणूस घंटा संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

"शनिवारीही त्याची गिऱ्हाइकं असतात," ते म्हणाले. "त्याला वेळ आहे का विचारा."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. एक वाक्य, की आज रविवार आहे आणि मी तुझ्या गाडीतून येतो. एवढं वाक्य त्यांना अख्ख्या इंग्रजी-मराठीत सापडलं नाही. त्यासाठी आम्हाला खोटं बोलायला लावलं. आनंदनं त्यांना लहान पोरासारखं उचललं आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं.

गल्लीच्या तोंडाशी जीप अडली. उपासनेला जाणारी मंडळी समोरून येत होती, पुढे चिटणीस आणि आणखी दोन पंच. सगळे बाजूला झाले. मी दारातून बघत होते. मास्तरांनी मान खाली घातली नाही, की आत सरकले नाहीत. खिडकीतून पंचांकडे बघून त्यांनी हात कपाळाशी नेला. "सलाम," ते म्हणाले. एवढं मात्र मी त्यांच्या बाजूनं सांगेन. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. गुरुवारी ते हॉस्पिटलमध्येच वारले.

दोन आठवड्यांनी चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ उपासना झाली. हिरा बोलली, माजी विद्यार्थी बोलले. मग चिटणीस कागद घेऊन उभे राहिले. "मास्तरांनी अखेरच्या श्वासापर्यंत रविवारी वाहनाला हात लावला नाही," ते वाचत होते. "त्यांच्या स्मृतीला मान म्हणून त्यांचा रविवारचा ठराव पंचांनी कायम ठेवला आहे." गल्लीत ज्या माणसानं मास्तरांचा सलाम घेतला होता तो माणूस हे वाचत होता. गल्लीतले बाकीचे दोन पंच पुस्तकातलं गीत शोधत होते. मी मागे पाहिलं. आनंद शेवटच्या बाकावर, शेजारी रूथ. आनंदनं मला मानेनं, बोलू नका, म्हणून खुणावलं.

शेजारी म्हणून मलाही दोन शब्द बोलायचे होते. मी उभी राहिले. "मी मास्तरांना शेवटचं पाहिलं ते रविवारी सकाळी, आनंदच्या जीपमध्ये," मी म्हटलं. "त्यांनी मला वार विचारला तेव्हा मी शनिवार म्हणाले. खोटं मी बोलले. घंटा त्यांनीही ऐकली होती."

मी खाली बसले. चिटणिसांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून शांतामावशी उठल्या. गुडघे दुखत असल्यामुळे एकेका बाकाला हात लावत लावत त्या मागपर्यंत चालत गेल्या. "सरक," त्या आनंदला म्हणाल्या, आणि बाकाच्या कडेला, ताट येतं त्या बाजूला बसल्या.

तेव्हापासून त्यांची जागा तीच आहे. ठराव पंचांच्या वहीत अजून तसाच आहे, तो रद्द करायला कुणाची तयारी नाही. पण मास्तरांच्या बायकोला वगळून मागे वळण्याची छातीही कुणाची होत नाही. दर महिन्याला ताट शेवटच्या बाकापर्यंत येतं. मावशी आपला तुकडा घेतात आणि ताट शेजारी बसलेल्या मुलाच्या हातात देतात.